कार्नेगी हॉलची मैफल ऐकण्यासाठी, नाचण्यासाठी नव्हे

जॅझ वाद्यवृंदाचे प्रमुख बेनी गुडमन यांच्या ‘सिंग, सिंग, सिंग’चे १९३८च्या, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील मैफलीतील ध्वनिमुद्रण लिंडी हॉप या जोडीने करायच्या स्विंग नृत्यासाठी सर्वोत्तम आहे, हे लेखातील विधान मला पटले नाही. खुर्च्यांवर बसलेल्या श्रोत्यांसमोर सुमारे १२ मिनिटे रंगलेल्या त्या वादनात जेस स्टेसी यांचा पियानो अप्रतिमच आहे. पण तो सुरू झाला की जीन क्रुपा यांचे ड्रम मागे सरतात आणि तोवर घामाघूम झालेल्या जोडीची पावले रेंगाळू लागतात. त्यापेक्षा १९३७चे, तबकडीच्या दोन्ही बाजूंवर विभागलेले स्टुडिओतील ध्वनिमुद्रण अधिक बांधीव आहे. नवशिक्यांसाठी तर मी लुई प्रिमा यांचे १९३६चे मूळ, आटोपशीर गाणेच लावतो; लेखात त्याचा उल्लेखही नसावा, याचे नवल वाटते.