श्रावणातलं मटण

केटररच्या वेबसाइटवरून श्रावणापुरता मटणाचा चौकोन लपवायचा, एवढंच काम. सीएसएसची, म्हणजे पानाचं रूप आणि मांडणी ठरवणाऱ्या भाषेची, एक ओळ. पण त्या केटररच्या ऑफिसात त्याचे मामा बसतात. ते तिथे नेमकं काय करतात हे कोणाला ठाऊक नाही; चहा मात्र पहिला त्यांना मिळतो.

मी 'व्हिजिबिलिटी: हिडन' लिहिलं. मटण दिसेनासं झालं, जागा तशीच राहिली. श्रीखंड आणि बासुंदीच्या मधोमध पांढरं भगदाड.

"इथे काहीतरी होतं, हे लोकांना कळतंय," मामा म्हणाले. "बरं दिसत नाही."

मग 'डिस्प्ले: नन'. चौकोन मांडणीतूनच उठला आणि मागचे सगळे एकेक घर पुढे सरकले.

"बासुंदी का हलली?"

"जागा मोकळी झाली ना, मामा."

"तिला कोणी सांगितलं हलायला?"

आता 'डिस्प्ले' सीएसएसच्या १९९६च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, 'व्हिजिबिलिटी' १९९८च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. हे ठरवणाऱ्या मंडळींपैकी कोणाच्या ऑफिसात मामा बसत नसणार.

तेवढ्यात त्यांचा इंजिनिअरिंगचा नातू टपकला. न विचारता माझा माउस घेतला, राइट क्लिक करून पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, उघडला. "आजोबा, मटण आहे की अजून!" सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सगळं ओळीने.

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे पानात मटण आहेच? फक्त दिसत नाही?"

तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर. 'डिस्प्ले: नन'ने वस्तू मांडणीतून जाते, एचटीएमएलमधून, म्हणजे पानाच्या मूळ मजकुरातून, नाही. शिकाऊ पोरांच्या डोक्यात हे शिरायला महिने लागतात. यांना एका घोटात कळलं, याचाच राग जास्त आला.

"अहो, गिऱ्हाईक कशाला सोर्स उघडून बघेल?"

"गिऱ्हाईक नाही हो बघणार." मामांनी बोट छताकडे केलं. "तो बघतोय ना."

यावर सीएसएसमध्ये तोड नाही. शेवटी मटणाचा मजकूर मुळातूनच काढला आणि बासुंदी हलू नये म्हणून तिथे साबुदाणा वडा बसवला. त्याचा फोटो शोधा, कापा, भाव विचारा, संध्याकाळ गेली. नातू तोवर माझ्याच खुर्चीत बसून मला फ्लेक्सबॉक्स, म्हणजे सीएसएसमधली चौकोन मांडायची पद्धत, शिकवत होता.

बिल पाठवलं तर केटररचा फोन. "साहेब, एक तर ओळ होती, तीही शेवटी तुम्ही काढून टाकलीत. मग पैसे कसले?" वर गणपती झाले की मटण परत आणायचं, ते म्हणे आधीच्याच पैशांत. आधीचे कोणते, ते त्यांनाच ठाऊक. मला तरी अजून दिसलेले नाहीत.