बी.ए. चार वर्षांचं सक्तीचं झालेलं नाही

यवतमाळकडच्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘नव्या शिक्षण धोरणात बी.ए. चार वर्षांचं झालं, तीन वर्षांत डिग्री नाही. एक वर्ष करून सोडलं तरी सर्टिफिकेट.’

पहिलं वाक्य साफ चूक. तीन वर्षांत किमान १२० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मोजायचं एकक) झाले की पदवी मिळतेच. चौथं वर्ष ऑनर्ससाठी, म्हणजे वरच्या दर्जाच्या पदवीसाठी, हवं त्यानं करावं. दुसरं वाक्य अर्धवट. पहिल्या वर्षाचे किमान ४० क्रेडिट, शिवाय ४ क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप, तेव्हा कुठं सर्टिफिकेट. सोडून बसलेल्याला कोणी घरपोच देत नाही!

खरी डोकेफोड विषय निवडताना करा. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तासांचे वर्ग, प्रॅक्टिकलचा ३० तास. त्यामुळे भूगोलासारखा प्रॅक्टिकलचा विषय घेण्याआधी टाइमटेबल मागून पाहा. प्रॅक्टिकल दुपारी उशिरा अन् गावची शेवटची एसटी त्याआधीच, असं असेल तर प्रवेशाच्या वेळीच सरांशी बोला. सोयाबीन काढणीत हजेरी बुडते, तेव्हा दोन क्रेडिटचे ‘किरकोळ’ विषयही मोजणीत धरा. त्यांचेही क्रेडिट त्या ४० मध्येच येतात.