क्लास्प बदलला म्हणून घड्याळात पाणी शिरत नाही

‘महागड्या घड्याळाचा क्लास्प (पट्ट्याची कडी-खटका) बदलला की वॉटर रेझिस्टन्स गेलाच, आणि बदलायचाच तर लगच्या (घड्याळाला पट्टा जोडतात त्या टोकांच्या) मापाचा घ्या,’ असा सल्ला सध्या फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

पाणी अडवतात ती केसमधली, म्हणजे घड्याळाच्या डबीतली, गॅस्केट्स (सील करणाऱ्या रिंगा): मागचं झाकण, क्राउन (वेळ लावायची चावी) आणि काच यांच्या सांध्यांवरची. क्लास्पचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही. कंपनीबाहेरचा सुटा भाग बसवल्यास वॉरंटी अडचणीत येऊ शकते, हे खरं. पण तो मुद्दा वेगळा.

मापाची चूक जास्त महागात पडते. लगमधलं अंतर केसपाशी मोजतात, ब्रेसलेट (धातूचा पट्टा) मात्र बहुतेकदा क्लास्पकडे निमुळतं होत जातं. 2021 पासूनच्या ओमेगा स्पीडमास्टर मूनवॉचचं ब्रेसलेट 20 मिमीवरून 15 मिमीवर येतं. तिथे 20 मिमीचा क्लास्प घेऊन काय करणार? क्लास्पला जोडलेल्या शेवटच्या कडीची रुंदी कॅलिपरने मोजा, स्प्रिंग बारची (क्लास्प जोडणाऱ्या स्प्रिंगच्या दांडीची) जाडीसुद्धा. बारीक बार मोठ्या भोकात खुळखुळतो आणि एखाद्या झटक्यात घड्याळ मनगटावरून खाली. (पाण्याची काळजी करणाऱ्यांना ही भीती कशी वाटत नाही, कोण जाणे.)

पट्ट्याची लांबी कमी-जास्त करता येणारा रोलेक्सचा ग्लाइडलॉक क्लास्प 2-2 मिमीने सरकतो, सोय उत्तमच. म्हणून तो जुन्या, पत्र्याचा क्लास्प असलेल्या सबमरिनरला (रोलेक्सचंच एक मॉडेल) थेट बसेल, असं मात्र धरून चालू नका.