थंडीत इलेक्ट्रिक गाडी चालवायची? मग एवढं कराच

भावांनो, डिसेंबर आलाय, रंकाळ्यावर सकाळी धुकं बसायला लागलंय, कानटोप्या बाहेर आल्यात आणि तुमच्या दारात इलेक्ट्रिक गाडी उभी आहे. अभिनंदन. पेट्रोलवाल्यांवर हसून झालं असेल तर आता जरा बसा, अनुभवाचे चार बोल सांगतो, ताजे आहेत, गेल्या शनिवारचेच.

सगळ्यात आधी शोरूममधल्या पोरानं सांगितलेली रेंज पाठ करा. माझ्या गाडीत तीस युनिटची बॅटरी, कागदावर तीनशेच्या वर किलोमीटर. गावात फिरलं तर दोनशे निघतात, हायवेला शंभरनं हाणली तर त्याहून कमी. ऐंशीवर आणली तर हवेचा विरोध तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी होतो म्हणे, पण कोल्हापूर पासिंगची गाडी ऐंशीनं चालवायची म्हणजे घराण्याची अब्रू गेली. त्यामुळं हाणा.

टायरमधली हवा अजिबात बघू नका. पाच-सहा अंश पारा उतरला की हवेच्या दाबाचा एक पीएसआय जातो, जाऊ दे, आपलं काय जातंय.

सकाळी शंभर टक्के भरून घाट उतरायला जा. उतारावर गाडी स्वतःच वीज करून बॅटरीत परत भरते, पण भरलेली आणि वर गारठलेली बॅटरी ती घेतच नाही, तर मस्त ब्रेक तापवत या.

हिटर मात्र लावायचाच. पेट्रोल गाडीत इंजिन तसंही तापलेलं असतं, ती उष्णता फुकटात आत येते. आपल्या गाडीत फुकट काही नाही, हिटर थेट बॅटरीतनं दोन-तीन युनिट तासाला ओढतो. पुण्याहून निघालो तर सासूबाई मागच्या सीटवर, गुडघे धरलेत, "जावईबापू, ते गरम वारं सोडा की जरा." आता सांगा, कुठला जावई नाही म्हणेल? बायको म्हणाली आई शाल घ्या, आई म्हणाल्या गाडी एवढ्या लाखाची आणि शाल कशाला. तर सोडलं गरम वारं. खंबाटकी घाटाच्या पुढं स्क्रीनवरचा आकडा बघितला आणि मलाच घाम फुटला, हिटर बंद केला तरी चाललं असतं.

मग उसाची डबल ट्रॉली मिळवा. हंगाम चालू आहे, कमी नाही. मागं रिफ्लेक्टर नाही, पुढं साऊंडवर गाणी आणि वेग वीसचा. हवेचा विरोध जवळजवळ शून्य, रेंज कशी वाढते बघा. फक्त हिटर किलोमीटरवर नाही, तासावर खातो, तेवढं मनात धरू नका.

आणि काहीही झालं तरी दोष थंडीला द्या. अमेरिकेत २०१९ मध्ये चाचणी घेतली, उणे सात अंशाला हिटर लावून रेंज सरासरी ४१ टक्के घटली, नुसत्या थंडीनं १२ टक्के. गारठ्यात बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, चार्जसुद्धा हळू घेते, खरं आहे. पण उणे सात, भावा. आपल्याकडं तेरा अंशाला शेकोट्या पेटतात. तिकडं नॉर्वेत बर्फ पडतो आणि २०२४ साली विकलेल्या नव्या गाड्यांत शंभरातल्या जवळजवळ नव्वद इलेक्ट्रिक होत्या. ते लोक काय घरी बसून आहेत?

आता मुख्य सल्ला. रात्री अकरा वाजता चौदा टक्क्यांवर कराडच्या अलीकडं एका हॉटेलच्या आवारात चार्जरला जायचं. ॲपवर दोन मशीन हिरवी दाखवत असतात. पहिल्याची स्क्रीन काळी. दुसरं चालू. आणि दुसऱ्याच्या पुढं डिझेलची पांढरी धूड गाडी उभी, मागचं चाक बरोबर केबलवर. सगळं आवार मोकळं, तीस गाड्या बसतील, पण साहेबांना दाराजवळच पाहिजे. वेटरला विचारलं तर म्हणाला, "जेवायला बसल्यात ओ, येतील." मी आत गेलो, हात जोडून म्हणालो दादा, गाडी जरा काढता काय, चार्जिंग करायचंय. वर न बघता उत्तर आलं, "पाच मिन्टं की. लाईट काय पळून जाती?" पाच मिनिटांत सुकं आलं, मग परत रस्सा आला, मग भात, मग बिल कुणी द्यायचं यावर तिघांची झटापट, मग बडीशेप. पन्नास मिनिटं. सासूबाई गाडीत, हिटर बंद, कारण चौदाचे तेरा झालेले. आणि साहेब दात कोरत बाहेर येऊन मलाच विचारतात, "एकदा चार्ज केली की किती पळती ओ? पुण्याला जाती काय?"

जाती. तुम्ही गाडी काढलीत तर जाती!

बरं, आपले इलेक्ट्रिकवाले पण काही कमी नाहीत. मागच्या महिन्यात एकजण ऐंशी टक्के झाले तरी हलेना. ऐंशीनंतर मशीन हळू हळू होत जातं, शेवटचे वीस भरायला आधीच्या पन्नासाएवढा वेळ लागतो, हे त्यालाही माहीत. मागं दोन गाड्या थांबलेल्या. हा खुर्ची टाकून रील बघत बसलेला, म्हणे पैसे दिलेत, शंभर करूनच जाणार. घर इथनं वीस किलोमीटरवर.

आता सल्ला राहू दे बाजूला. अरे, पेट्रोल पंपावर नोजलच्या पुढं गाडी लावून तुम्ही तांबडा-पांढरा ओरपायला जाता काय? पंपावाला शिव्या देईल म्हणून जात नाही ना? मग इथं का जाता, इथं शिव्या द्यायला कुणी माणूस बसवलेला नाही म्हणून? आणि हॉटेलवाले, चार्जर बसवलाय म्हणून रस्त्यावर केवढा बोर्ड लावलाय, मग एक साखळी लावायला आणि वॉचमनला सांगायला काय होतं? बंद मशीन ॲपवर हिरवं दाखवायला लाज वाटत नाही? रात्री अकराला म्हातारं माणूस गारठत बसलंय आणि तुम्ही म्हणता थंडीत इलेक्ट्रिक गाडी चालत नाही. गाडी चालते. तुम्ही हलत नाही.

आम्ही अडीचला घरी पोचलो. सासूबाईंना दुसऱ्या दिवशी ताप.

येत्या शनिवारी परत पुण्याला जायचंय. येताना तिथंच थांबणार आहे, अकरालाच. बघतो कोण लावतंय ते.