सतरा नंबरचं पोट

सहलप्रमुख हे पद आमच्या शाळेत कुणी मागून घेत नाही. स्टाफरूममध्ये चहाला जो उशिरा येतो त्याच्या गळ्यात ते पडतं. यंदा मी उशिरा आलो.

शाळा सांगली जिल्ह्यातली, वर्ग सहावी 'ब', मुलं ४२, मुक्काम गणपतीपुळे. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, एसटीच्या निम्म्या भाड्याचा अर्ज, ४२ संमतीपत्रं. त्यातल्या एकावर पालकाच्या सहीच्या जागी पाल्याचीच सही होती, तीही मराठीच्या वहीत असते त्याहून चांगल्या अक्षरात. तो पाल्य म्हणजे हजेरीपटावरचा सतरा नंबर. नाव सांगत नाही. पोराचं लग्न व्हायचंय अजून.

आंबा घाट लागला तसे ड्रायव्हरमामा म्हणाले, "मास्तर, गाडी लागत असंल त्यास्नी पोटाला पेपर बांधाय सांगा." मी विज्ञान शिकवतो. मागच्या पोरांना उभं राहून समजावलं, की कानातल्या नळ्या मेंदूला सांगतात आपण हलतोय, समोरच्या सीटवर खिळलेले डोळे सांगतात आपण जागच्या जागी आहोत, आणि या भांडणात पोट ढवळतं. पेपरचा याच्याशी काडीचा संबंध नाही. साखरपा येईपर्यंत पेपर बांधलेल्या नऊ पोरांपैकी एकालाही गाडी लागली नाही. ज्या पाचजणांना मी समजावत होतो, त्यांना लागली.

सतरा नंबर मात्र ठणठणीत. दरी बघत तिखटमिठाच्या पुऱ्या खात होता.

पुळ्याला दर्शन झालं, डोंगराची प्रदक्षिणा झाली. पोरं किनाऱ्यावर सुटली आणि मी डोकी मोजत राहिलो. समुद्र काय रंगाचा होता ते विचारू नका, मला फक्त ४२ हा आकडा आठवतो. एकदा ४३ भरली. ते त्रेचाळिसावं शेंगदाणे विकणारं निघालं. मग अर्धा तास खरेदी. निघताना मी बजावलं, "जे खायला घ्याल ते सगळ्यांत वाटून खायचं." या वाक्यानं पुढे काय केलं ते कळेलच.

रात्री साडेअकराला तेवीस नंबर उशाशी येऊन उभा राहिला. "सर, सतरा नंबर कसंतरी करतोय." मी उठेपर्यंत सतरा नंबर स्वतःच आला आणि जे काय करायचं ते त्यानं माझ्या चादरीवर केलं. चादर बायकोच्या माहेरची.

प्रथमोपचार पेटी उघडली. भाजल्यावर लावायच्या मलमाच्या तीन ट्यूबा, एक क्रेप बँडेज आणि ओआरएसचं एक रिकामं पाकीट, बहुधा मागच्या सहलीचं स्मारक. मग मुक्कामाच्या स्वयंपाकघरातून सामान मागून आणलं. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमच्या-चमच्यानं पाजायचं, घाई करायची नाही. इतकं जमलं. मग घरी फोन लावण्याची चूक केली.

"सर! काय झालंय वो त्याला? जेवलाय का पण?" आईचा पहिला प्रश्न. पोरगं जेवल्यामुळेच हे सगळं होतंय हे सांगेपर्यंत फोन आजीनं घेतला. "मास्तर, समुद्राचं वारं आन् हज्जार मान्सं. दृष्टच लागली. मीठ हाय का तिथं?"

मीठ होतं. हातातच होतं.

"मी विज्ञानाचा शिक्षक आहे, आजी."

"मग काय झालं? काढता येत न्हाई व्हय?"

पावणेबाराला, स्पीकरवरच्या मार्गदर्शनाखाली, मी सतरा नंबरवरून मिठाची मूठ उतरवत होतो. 'आल्यागेल्याची, पापी चांडाळाची' हे माझ्यामागून चाळीस पोरंपोरी म्हणत होती, कारण तोवर बाजूच्या खोलीतून मॅडम आणि मुलीही जाग्या होऊन आल्या होत्या. याच वर्गाला मी ऑगस्टमध्ये अंधश्रद्धेवर निबंध दिला होता. पोरांनी आठवणही करून दिली.

दोन उलट्या आणखी झाल्या तसं मॅडमवर सगळी पोरं सोपवून रिक्षानं दवाखाना गाठला. डॉक्टर झोपेतून उठून आले होते, पण चेहऱ्यावर राग नव्हता. डिसेंबरात सहलीची पोरं त्यांच्याकडे नेमानं येत असावीत.

"काय खाल्लंस?"

"काही नाही."

डॉक्टरांनी बॅटरी लावून जीभ बघितली. "काही नाही म्हणजे आंबापोळी की फणसपोळी?"

सतरा नंबर बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "फणस. अर्धा किलो."

आजीसाठी घेतली होती. पिशवीतून काढून दाखवली असती तर बेचाळीस जणांत वाटावी लागली असती, सरांनीच तसं सांगितलं होतं. अर्धा किलोत बेचाळीस म्हणजे माणशी बारा ग्रॅमसुद्धा धड येत नाही. हा हिशेब त्यानं पांघरुणात बसून केला होता आणि तिथल्या तिथं प्रश्नच संपवला होता. गणितात याला पस्तीसपैकी नऊ मिळाले होते.

"सर, आईला सांगू नका. आजीला तर नकाच."

सकाळी तो टुणटुणीत झाला, मी मात्र दिवसभर डुलक्या घेत होतो. रत्नागिरीत थिबा पॅलेससमोर उभं राहून मी माहिती सांगितली. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथं आणून ठेवलं, हा राजवाडा १९१० मध्ये मिळाला आणि १९१६ मध्ये इथंच तो वारला. परत घरी जाता आलं नाही. सतरा नंबरनं हात वर केला. "सर, त्याला आजी नव्हती का?"

रात्री एक वाजता एसटी शाळेत आली. फाटकाशी आई आणि आजी दोघी उभ्या. आजीनं आधी नातवाच्या तोंडावरून हात फिरवला, मग पिशवी चाचपली.

"आन् माजी फणसपोळी?"

सतरा नंबरनं माझ्याकडे बघितलं. मूल्यशिक्षणाचा तासही माझ्याकडेच आहे. मी माझी पिशवी उघडली आणि बायकोसाठी घेतलेलं पाकीट काढून आजीच्या हातात ठेवलं. "माझ्याकडे सांभाळायला दिली होती त्यानं. जबाबदार पोरगा आहे."

"दृष्ट काढली म्हणून वाचला बगा," आजी म्हणाली.

घरी पोचलो. बायकोनं दार उघडलं, पिशवी घेतली, आत हात घातला.

"चादर कुठाय?"

मी बूट काढत राहिलो.

"आणि फणसपोळी?"

"आधी जरा मीठ-साखर-पाणी कर," मी म्हणालो.