ओढून मोठा केलेला डबा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की पेज-बिल्डरमध्ये (कोड न लिहिता वेबपान मांडायचं साधन) माउसने डबा हवा तेवढा ओढता येत असताना बूटस्ट्रॅप या फ्रेमवर्कच्या (वेबपान मांडायच्या तयार नियमांचा संच) बारा कॉलममध्ये स्वतःला कोंडून कशाला घ्यायचं? शिवाय ते वापरूनही तुमचं पान फोनवर मोडलं, म्हणजे 'पान फोनवर आपोआप जुळतं' हे माझ्या लेखातलं वाक्य खोटं, आणि फाइलचं ओझं वेगळंच.

'आपोआप' चुकलंच. तो शब्द लेखातून काढतोय. पण पान फ्रेमवर्कमुळे मोडलेलं नाही, हे ठामपणे सांगतो.

तुम्ही डकवलेल्या कोडमध्ये कॉलमला 'कॉल-एमडी-6' हा क्लास (टॅगला, म्हणजे पानाच्या कोडमधल्या खुणेला, दिलेलं नाव; त्यावरून नियम लागू होतात) आहे. पडदा 768 पिक्सेल किंवा त्याहून रुंद असेल तर बारापैकी सहा भाग, म्हणजे अर्धी जागा. अरुंद असेल तर पूर्ण रुंदी. बिल्डरने टॅगवर फक्त हे नाव लिहिलं, नियम सगळा फ्रेमवर्कच्या फाइलमध्ये. आता त्याच कॉलममधला डबा बघा. तुम्ही कोपरा धरून तो ओढलात आणि बिल्डरने थेट टॅगमध्ये लिहिलं: रुंदी 437 पिक्सेल. टॅगमधली स्टाइल फाइलमधल्या साध्या नियमाला ऐकत नाही, आणि तिच्यात मीडिया क्वेरीही (पडद्याच्या रुंदीनुसार लागू होणारा नियम) लिहिता येत नाही. त्यामुळे 360 पिक्सेलच्या फोनवरही डबा 437 चाच राहतो आणि पान आडवं सरकतं.

ती रुंदी पुसा. मर्यादा हवीच असेल तर स्वतःचा क्लास करा, त्यात 437 ही कमाल रुंदी द्या आणि तुमची फाइल फ्रेमवर्कच्या नंतर लोड होऊ द्या.

ओझ्याबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. बूटस्ट्रॅपची अख्खी फाइल जोडली की न वापरलेले नियमही सोबत येतात. टेलविंड हे दुसरं फ्रेमवर्क तुमच्या फाइली चाळून सापडलेल्या क्लासपुरतंच सीएसएस (पान कसं दिसावं याचे नियम) बनवतं. पण बिल्डरने क्लासची नावं डेटाबेसमध्ये ठेवली, तर चाळणाऱ्याला ती दिसतच नाहीत. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली: एडिटरमध्ये बटण लाल, प्रकाशित पानावर बिनरंगी. त्या एडिटरमध्ये सगळे क्लास आधीच लोड होत होते, म्हणून तिथे काहीच कळलं नाही. शेवटी लागणाऱ्या क्लासची यादी टेलविंडला वेगळी द्यावी लागली.

437 काढून बघा. तरीही पान सरकलं, तर कॉलमच्या बाहेरच्या 'रो'पासून (ओळीच्या टॅगपासून) आतल्या डब्यापर्यंतचा पूर्ण कोड इथेच डकवा, मी बघतो.