आधी ग्रुप मोजा, मग रायफलीकडे बघा

नमस्कार. प्रोन पोझिशनवरच्या (पालथं झोपून रायफलीने नेम धरण्यावरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही ठाण्याहून लिहिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. उत्तर लांबणार हे दिसत होतं, म्हणून वेगळं लिहितोय.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: श्वास, ट्रिगर, पोझिशन हे सगळं पुस्तकी आहे. क्लबच्या जुन्या .२२ बोल्ट रायफलीने ५० मीटरवर तुमचा पाच गोळ्यांचा ग्रुप (सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर) ४५ मिलिमीटरच्या खाली येत नाही, आणि तो डावी-उजवीकडे पसरतो. दर वाईट गोळीनंतर साईटला क्लिक द्यावे लागतात (नेम धरायचं उपकरण टप्प्याटप्प्याने सरकवावं लागतं), इतकी ती बेभरवशाची आहे. ज्याच्याकडे चार लाखांची जर्मन रायफल आणि बाहेरची गोळी, त्याचाच दहा लागतो. आणि प्रत्येक गोळीला बोल्ट (काडतूस भरण्यासाठी हाताने मागे ओढायचा दांडा) उघडताना पोझिशन मोडते, त्यावर लेखात अवाक्षर नाही. शेवटी तुम्ही विचारलंत, "मध्यमवर्गातल्या मुलांना श्वास घ्यायला शिकवून काय साधणार?"

या प्रश्नामागची चीड मला समजते, आणि ती खोटी नाही. पण रायफलीबद्दलचा तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि का नाही ते आकड्यांतच सांगतो.

टार्गेटवर दिसणाऱ्या ग्रुपमध्ये दोन वाटेकरी असतात. एक वाटा रायफल आणि गोळीचा, दुसरा नेमबाजाचा. हे दोन वाटे साध्या बेरजेने एकत्र येत नाहीत. रायफलीची चूक उजवीकडे जाते तेव्हा तुमची चूक डावीकडे, वर, खाली, कुठेही असू शकते, त्यामुळे दोघांच्या वर्गांची बेरीज होते. शाळेतला काटकोन त्रिकोण आठवा: दोन बाजू म्हणजे दोन वाटे, आणि टार्गेटवर आपण मोजतो तो कर्ण. एक बाजू लांब आणि दुसरी आखूड असेल तर कर्णाची लांबी जवळपास लांब बाजूइतकीच असते.

आता तुमचे ४५ मिलिमीटर घ्या. समजा, क्लबची रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून तुम्ही त्याच गोळीने पाच गोळ्यांचे काही ग्रुप मारले आणि ते सरासरी २० मिलिमीटर आले. म्हणजे रायफलीचा वाटा २०. मग तुमचा वाटा सुमारे ४०. उद्या कुणी तुमच्या हातात १० मिलिमीटरची उत्तम रायफल दिली, तर प्रोनमधला ग्रुप ४५ वरून साधारण ४१ वर येईल. चार लाख खर्चून चार मिलिमीटर. त्याऐवजी तीच जुनी रायफल ठेवून तुमचा वाटा ४० वरून ३० वर आणलात, तर ग्रुप ३६ होईल. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं, नवाचं २६.४ आणि आठाचं ४२.४. आठाबाहेर सांडणारा ग्रुप आठाच्या आत येणं हा फरक स्कोअरकार्डावर लगेच दिसतो.

हाच हिशेब वरच्या पातळीवर उलटतो, हेही मी तितक्याच ठामपणे सांगेन. पॅरिस २०२४ ला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) पात्रता फेरीत ६०० पैकी ५९० मारले. साठ गोळ्यांत फक्त दहा गुण गेले, तरी तो सातवा होता. मग फायनलमध्ये ४५१.४ करून त्याने ब्राँझ आणलं. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला प्रोनची जागतिक स्पर्धा जिंकली ती ६०० पैकी ५९७ मारून. या माणसांचा स्वतःचा वाटा इतका लहान झालेला असतो की रायफलीचे पाच मिलिमीटर पदक ठरवतात. ते गोळीचा लॉट (एकत्र बनलेली खेप) निवडायला दिवस घालवतात ते योग्यच आहे. तुमच्याआमच्या ग्रुपमध्ये अजून रायफलीची बाजू आखूड आहे.

अर्थात वरचे २० मिलिमीटर मी गृहीत धरलेत. तुमची रायफल खरंच ३५ ची असू शकते. मग रायफलीबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर ठरेल. पण ते टेबलावर मोजल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही, आणि तुमच्या प्रतिक्रियेत असं मोजल्याचा उल्लेख नाही. रेंज ऑफिसरना विचारून एक सकाळ मागून घ्या. मुंबईत दुपारी समुद्रावरचा वारा सुटतो, वरळीला तर चांगलाच जाणवतो, म्हणून सकाळची वेळ. पुढच्या पिशवीवर नळी टेकवू नका, लाकूड टेकवा. मागे दस्त्याखाली दुसरी पिशवी. नळी स्वच्छ केलेली असेल तर आधी काही गोळ्या मातीच्या बांधात जाऊ द्या, पहिल्या गोळ्या बहुतेक वेळा वेगळ्या लागतात. आणि एकाच ग्रुपवर विश्वास ठेवू नका. पाच गोळ्यांचा एखादा सुंदर ग्रुप नशिबानेही पडतो. त्याच रायफलीचा दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीने पाच गोळ्यांपेक्षा जवळजवळ पाव हिस्सा मोठा येतो, म्हणून पाचाची तुलना पाचाशीच करा.

आता त्या क्लिकबद्दल. तुमच्या प्रतिक्रियेतलं मला सर्वांत खटकलेलं वाक्य तेच. वाईट गोळी लागली की साईट फिरवायची, ही सवय ग्रुप मोठा करते. कसा, ते पाहा. समजा, झीरो बरोबर आहे (नेम धरला तिथेच ग्रुपचा मध्य येतो) आणि एक गोळी नुसत्या विखुरण्यामुळे उजवीकडे १५ मिलिमीटर गेली. तुम्ही साईट डावीकडे तेवढीच सरकवलीत. आता पुढच्या गोळीत तिचं स्वतःचं विखुरणं आहेच, शिवाय तुम्ही घातलेले १५ मिलिमीटरही. प्रत्येक गोळीनंतर अशी पूर्ण दुरुस्ती केली तर ग्रुप सुमारे १.४ पट होतो. तुम्ही दर गोळीला करत नसाल, पण जितक्या वेळा करता तितका भाग त्या ४५ मध्ये तुमच्याच बोटांनी घातलेला आहे. पाच गोळ्या साईटला हात न लावता मारा, ग्रुपचा मध्य कुठे आहे ते पाहा आणि तो मध्य हलवा. एका गोळीमागे साईट हलवायला एकच कारण पुरतं: वारा बदललेला तुम्हाला डोळ्यांनी दिसला. २ मीटर प्रतिसेकंदाचा आडवा वारा .२२ च्या गोळीला ५० मीटरवर साधारण एक सेंटीमीटर ढकलतो. रेंजवरची वाऱ्याची झेंडी पडली की उठली, हे ट्रिगरआधी पाहायचं.

बोल्टचा मुद्दा मात्र तुम्ही फार चांगला काढलात. तो लेखात नव्हता, कारण तो लेख एका गोळीपुरता होता. पण साठ गोळ्यांच्या खेळात दोन गोळ्यांमधला वेळच जास्त असतो, आणि ग्रुप तिथेच फुटतो. बोल्ट रायफल मुळात अचूक का, तर घोडा सुटल्यावर तिच्यात फायरिंग पिनखेरीज जवळजवळ काही हलत नाही. काडतूस चेंबरमध्ये दर वेळी त्याच जागी घट्ट बसतं. याची किंमत म्हणजे प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट उघडायचा, काडतूस टाकायचं, बंद करायचा. ती किंमत कमी करता येते.

पहिली तपासणी: प्रोनमध्ये नेम धरा आणि उजवा हात पूर्ण काढून घ्या. रायफल खाली झुकली किंवा बाजूला गेली, तर उजवा हात तिला उचलून धरत होता. मग बोल्टला हात गेला की पोझिशन मोडणारच. रायफलीचं वजन डाव्या हाताच्या हाडांवर आणि स्लिंगवर (दंडाला अडकवलेल्या पट्ट्यावर) असायला हवं. स्लिंग एक-दोन भोकं घट्ट करा, डावा कोपर रायफलीखाली थोडा आत घ्या, आणि उजवा हात काढूनही साईट काळ्या गोलाच्या आसपास राहील इथपर्यंत हे करत राहा. यात एक अख्खं सेशन गेलं तरी चालेल.

मग काडतुसांची पेटी. बहुतेक नवे नेमबाज ती जमिनीवर दूर ठेवतात, दर वेळी उजवा कोपर उचलतात आणि तो नव्या जागी टेकतात. कोपर दोन सेंटीमीटर सरकला की खांदा वेगळा बसतो, गाल वेगळा बसतो. पेटी लाकडी ठोकळ्यावर, कोपर न उचलता बोटं पोचतील अशी ठेवा. स्पॉटिंग स्कोपही (टार्गेट पाहायची दुर्बीण) तसाच: गाल दस्त्यावरच राहील आणि नजर फक्त बाजूला वळेल. गोळी कुठे लागली ते पाहायला मान उचलणारा नेमबाज प्रत्येक गोळीला नवी पोझिशन बांधत असतो.

बोल्टची मूठ अंगठा आणि तर्जनीत धरा. सरळ वर, सरळ मागे. तिरका ओढलात की दस्ता खांद्यात फिरतो. बंद करताना थाप मारू नका. आणि बंद केल्यावर लगेच नेम घेऊ नका. डोळे मिटा, दोन सावकाश श्वास घ्या, डोळे उघडा. साईट कुठे आहे? दहावर नसेल तर हातांनी ढकलून आणू नका. डावा कोपर जागेवर ठेवून कंबर आणि पाय किंचित सरकवा, पुन्हा डोळे मिटून पाहा. स्नायूंनी ढकलून आणलेला नेम घोडा सुटताना परत आपल्या जागी जातो, आणि गोळी आधीच्याच दिशेला लागते. तुमच्या आडव्या पसरलेल्या गोळ्यांचं मोठं कारण मला इथे दिसतं. गोळी सुटल्यावरही डोळा साईटमध्येच ठेवा, आणि स्कोपमध्ये पाहण्याआधी "तीन वाजता, नऊ" (घड्याळातल्या तीनच्या दिशेला, नवाच्या वर्तुळात) असं मनाशी म्हणा. सांगितलेली आणि लागलेली जागा जुळू लागली की चूक कुणाची ते टार्गेटच सांगतं. नेम स्वच्छ दिसला, ट्रिगर स्वच्छ सुटला आणि तरी गोळी आठात, असं पुन्हा पुन्हा झालं, तर रायफलीवर संशय घ्यायला तुमच्याकडे पुरावा आहे.

हे सगळं एकही गोळी न जाळता शिकता येतं. मात्र .२२ मध्ये रिकाम्या चेंबरवर पिन आदळली तर चेंबरची कड खराब होऊ शकते, म्हणून ड्राय फायरिंगसाठीचा (गोळीविना घोडा ओढण्यासाठीचा) भाग किंवा वापरलेल्या काडतुसाचं रिकामं केस घाला. ते रेंजवर, नळी टार्गेटकडे ठेवून आणि रेंज ऑफिसरच्या परवानगीनेच करायचं, हे तुम्हाला सांगायला नकोच.

गोळीबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. मॅच गोळी साधारण ३२५ मीटर प्रतिसेकंदाने सुटते. ५० मीटर जाईतो ती सुमारे साडेबारा सेंटीमीटर खाली येते. दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटरचा फरक असेल, तर नुसत्या त्या फरकाने ७-८ मिलिमीटर वर-खाली होतं. स्वस्त गोळीत असा फरक सर्रास सापडतो. म्हणून उभी पट्टी पडत असेल तर गोळीकडे आणि श्वासाकडे बघा, आडवी पडत असेल तर वाऱ्याकडे आणि पोझिशनकडे. तुमच्याच शब्दांत तुमचा ग्रुप "डावी-उजवीकडे पसरतो". महागडी गोळी त्यावर उपाय नाही.

पैशाचा प्रश्न यामुळे संपत नाही. जॅकेट, गोळ्या, रेंजचं भाडं यांत मुंबईतलं नोकरदार घर दमून जातं, हे मी रोज बघतो. पण म्हणूनच श्वास आणि पोझिशन शिकवण्याचा माझा आग्रह आहे. ते फुकट आहे. स्वप्नील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा शिक्षकाचा मुलगा, राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला, रेल्वेत नोकरीला लागला, दीपाली देशपांडे मॅडमच्या हाताखाली घडला. त्याला साधनं मिळाली ती टार्गेटवर काहीतरी दाखवल्यानंतर. ज्या मुलाला क्लबच्या रायफलीवर तिच्या मर्यादेपर्यंत ग्रुप आणता येतो, त्याच्यासाठी चांगली रायफल मागताना कोचच्या हातात टार्गेट असतं.

तेव्हा टेबलावरचे ग्रुप मारून मला कळवा, प्रोनचेही साईट न हलवता. टेबलावर पाच गोळ्या २५ मिलिमीटरच्या आत आल्या, तर बोल्ट आणि पेटीपासून सुरुवात करा. त्याहून मोठ्या आल्या, तर आधी आर्मररकडून (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडून) लाकडाला धरणारे दोन स्क्रू ठरलेल्या ताणाने आवळून घ्या, मुंबईच्या दमट हवेत लाकूड फुगतं आणि ते सैल पडतात. मग नळीचं तोंड तपासायला सांगा, मग दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्यांनी पुन्हा मारा. एवढं करूनही ३५ च निघाले, तर ती टार्गेटं जोडून क्लबच्या समितीला पत्र लिहा. मसुदा मी तुमच्याबरोबर बसून करीन.